आयसीयूतला माणूस स्वतः बोलू शकत नसेल तर पुढचं कोणी आणि कसं ठरवायचं

आमच्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेतली हॉस्पिटलं घ्या, मेडिकल, मेयो ही सरकारी हॉस्पिटलं नाहीतर मिहानचं एम्स घ्या, रात्री कधीही जा, आयसीयूच्या बाहेर चटया टाकून बसलेले लोक दिसतातच, गोंदिया, गडचिरोली, यवतमाळ, पार बालाघाट-छिंदवाड्यापासून आलेले. त्यातल्या एखाद्या घरच्यांना डॉक्टर आत बोलावतात आणि सांगतात की मेंदूला फार इजा झालीये, पेशंट शुद्धीवर येईल असं वाटत नाही, मशीन चालू ठेवायची का ते तुम्ही घरचे ठरवा. मग जे होतं ते मी इतक्या घरांत पाह्यलं आहे की राहवत नाही म्हणून हे लिहून राहिलो. मोठा मुलगा म्हणतो चालू ठेवा, लहान म्हणतो बाबांचे हाल नका करू, आत्या म्हणते तुम्ही पैशापायी माझ्या भावाला मारून राहिले, आई काहीच बोलत नाही. शेवटी कोणीतरी थकून "आमच्या जबाबदारीवर घरी नेतो" या कागदावर सही करतं आणि पेशंट अॅम्ब्युलन्समध्ये, हातानं दाबायच्या अंबू बॅगवर, गावाकडे निघतो.

हॉस्पिटलवाले याला लामा किंवा डामा म्हणतात, म्हणजे डॉक्टरांचा सल्ला डावलून घेतलेला डिस्चार्ज. कागदावर दिसतं की घरच्यांनी ऐकलं नाही. प्रत्यक्षात त्या माणसाला वाटेत दम लागतो, वेदना होतात, आणि जवळ ना नर्स ना औषध. आणि घरचे लोक पुढची कितीतरी वर्षं मनात धरून बसतात की आपणच संपवलं. यापेक्षा नीट आणि कायदेशीर रस्ता आहे, त्यासाठी आता कोर्टाची परवानगी लागत नाही, पण तो कोणी सांगत नाही. म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

आधी कायदा काय म्हणतो ते

इंजेक्शन देऊन किंवा औषध पाजून कोणाचा जीव घेणं हा भारतात गुन्हा आहे, पेशंटनं स्वतः हात जोडून मागितलं तरी गुन्हाच. पण बरं होण्याची आशा संपलेली असताना फक्त मरण लांबवणारे उपचार सुरू न करणं किंवा सुरू असलेले थांबवणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती ठरवून दिलेल्या पद्धतीनं केली तर कायदेशीर आहे. बरेच लोक, कधी कधी डॉक्टरसुद्धा, या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि "पोलीस केस होईल" म्हणून हात वर करतात.

मुंबईच्या केईएममधल्या नर्स अरुणा शानबाग आठवत असतील. १९७३ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तशाच अंथरुणावर पडून होत्या. त्यांच्या प्रकरणात २०११ ला सुप्रीम कोर्टानं पहिल्यांदा सांगितलं की उपचार थांबवता येऊ शकतात, पण दर वेळी हायकोर्टाची परवानगी घ्या. (अरुणांच्या बाबतीत मात्र परवानगी दिली नाही, कारण केईएमच्या नर्सेसना त्यांना सांभाळायचं होतं आणि कोर्टानं त्यांचं ऐकलं.) मग ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं 'कॉमन कॉज' संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला की सन्मानानं मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि माणूस आधीच लिहून ठेवू शकतो की मला कोणते उपचार नको. पण पद्धत इतकी किचकट ठेवली की मॅजिस्ट्रेटनं सही करायची, कलेक्टरनं बोर्ड नेमायचं, मॅजिस्ट्रेटनं हॉस्पिटलात येऊन पेशंट पाहायचा, सांगा कोण करेल एवढं. आयसीयूतल्या डॉक्टरांची संघटना परत कोर्टात गेली आणि २४ जानेवारी २०२३ ला ती पद्धत सोपी झाली. आज चालते ती ही २०२३ ची पद्धत, त्यामुळे जुनं कोणी सांगत असेल तर "२०२३ चा बदल पाहा साहेब" एवढं नम्रपणे म्हणा.

पेशंट आत आहे आणि काहीच लिहून ठेवलेलं नाही, तर

हीच परिस्थिती सगळ्यात जास्त घरांत असते, म्हणून इथे जरा थांबून सांगतो.

सगळ्यात आधी डॉक्टरांना विचारा की पेशंट खरंच बोलू-समजू शकत नाही का, की झोपेच्या औषधावर आहे म्हणून तसं दिसतंय. घशात नळी असली तरी माणूस मान हलवून, हात दाबून, पाटीवर लिहून सांगू शकतो. त्याला समजत असेल तर निर्णय त्याचा, तुमचा नाही, मग तो उपचार नको म्हणो की हवे म्हणो. घरचे लोक पेशंटला वगळून बाहेर मीटिंगा करतात आणि आत तो टक्क जागा असतो, हे फार वाईट आहे.

दुसरं, नेमकं काय झालंय ते विचारा. कोमा वेगळा, डोळे उघडे पण जाणीव नाही अशी वर्षानुवर्षं चालणारी अवस्था वेगळी, आणि ब्रेन डेड एकदमच वेगळं. ब्रेन डेड म्हणजे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या पॅनेलनं किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासण्या करून जाहीर केलेला मृत्यू, आणि तिथे अवयवदानाचा प्रश्न येतो, त्याचं काम नागपुरात झेडटीसीसी, म्हणजे अवयवदानाचं काम पाहणारी विभागीय समिती, पाहते. कोमातला माणूस मात्र जिवंत असतो, खाली सांगतो ते बोर्ड वगैरे त्याच्यासाठी आहे. म्हणून डॉक्टर "ब्रेन गेलाय" असं मोघम बोलले तर थांबवून विचारा, ब्रेन डेड टेस्ट केली का, किती वाजता, रिपोर्ट दाखवा.

तिसरं, लगेच हो किंवा नाही म्हणायची घाई करू नका, डॉक्टरांना मुदत ठरवून मागा. म्हणजे असं म्हणा की पूर्ण उपचार आणखी तीन दिवस किंवा तुम्ही म्हणाल तेवढे दिवस करू, पण या दिवसांत काय सुधारलं तर आशा आहे असं समजायचं आणि काय नाही सुधारलं तर नाही, ते आजच सांगा आणि फाईलवर लिहा. अशानं घरातली भांडणं पुष्कळ कमी होतात, कारण मग वाद आत्याविरुद्ध भाचा असा राहत नाही, सगळे मिळून एकाच गोष्टीकडे पाहतात.

त्या मुदतीनंतरही आशा नसेल तर हॉस्पिटलच्या नावानं साधा अर्ज लिहा. त्यात एवढंच की आमच्या अमुक पेशंटला बरं होण्याची शक्यता नाही असं सांगण्यात आलंय, तरी सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालाप्रमाणे आणि २०२३ च्या बदलाप्रमाणे प्रायमरी मेडिकल बोर्ड बसवावा ही विनंती. झेरॉक्सवर पोच घ्या. या बोर्डात उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातले किमान पाच वर्षं अनुभवाचे निदान दोन तज्ज्ञ असतात. ते तुमच्याशी बोलतात, फायदे-तोटे समजावतात, मीटिंगमध्ये काय झालं ते लिहून ठेवतात, आणि जवळच्या नातेवाईकांची लेखी संमती असेल तरच पुढे जातात. यांचं मत शक्यतो ४८ तासांत यायला पाह्यजे.

मग हॉस्पिटल दुसरा बोर्ड बसवतं, त्याला सेकंडरी बोर्ड म्हणतात. त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेला एक डॉक्टर आणि पहिल्या बोर्डात नसलेले निदान दोन तज्ज्ञ. अडतं ते बहुतेक याच डॉक्टरपाशी, कारण छोट्या हॉस्पिटलांना हे नाव कोणाकडून आणायचं तेच माहीत नसतं. पत्रव्यवहार हॉस्पिटलनंच करायचा असतो, पण तुम्ही सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात जाऊन चौकशी केली, पत्र कुठल्या टेबलावर आहे ते पाह्यलं, तर काम हलतं. या बोर्डानंही शक्यतो ४८ तासांत सांगायचं असतं. दोन्ही बोर्डांचं एकमत झालं की हॉस्पिटल ज्युडिशियल मॅजिस्ट्रेट फर्स्ट क्लासना फक्त कळवतं. फक्त कळवतं, परवानगी मागत नाही, हे अधोरेखित करून ठेवा, कारण "कोर्टाची ऑर्डर आणा" असं सांगणारे लोक भेटतात.

बोर्डांनी नकार दिला, किंवा दोघांचं मत वेगळं आलं, तर घटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात जाता येतं, घरच्यांना पण आणि डॉक्टर-हॉस्पिटललाही. आपल्यासाठी ते सिव्हिल लाइन्समधलं नागपूर खंडपीठ. विदर्भातल्या लोकांना मुंबईला पळायचं काम नाही.

घरात एकमत नसेल तर? मोठ्या मुलाचंच चालतं असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, आणि जास्त हात वर त्यांचं खरं असंही नाही. माझं सरळ मत सांगतो, घरात प्रश्नच चुकीचा विचारला जातो. "आपल्याला काय वाटतं" असं विचारलं की प्रत्येकजण आपली भीती आणि आपला अपराधीपणा बोलतो. "बाबा इथे उभे असते तर काय म्हणाले असते" हे विचारा. शेजारचे काका दोन वर्षं अंथरुणावर होते तेव्हा बाबा काय बोलले होते, स्वतःच्या आईच्या शेवटच्या आजारात त्यांनी काय केलं, या आठवणी काढा आणि त्या बोर्डापुढे सांगा. आणि हे बोलणं सगळ्यांसमोर एकदाच होऊ द्या, पुण्याचा भाऊ आणि दुबईची ताई फोनवर घेऊन, डॉक्टर समोर असताना. फोनवरून तुकड्या-तुकड्यात ऐकलेली माहिती घर फोडते.

नाकातल्या नळीनं अन्न देणं थांबवायचं का, यावर लोकं सगळ्यात जास्त अडतात, आणि साहजिक आहे, आपल्याकडे कोणाला उपाशी ठेवणं मनाला पटतच नाही. व्हेंटिलेटरची गोष्ट आणि नळीची गोष्ट एकाच वाक्यात उरकू नका. बोर्डाकडून दोन्हीवर वेगळं मत लिहून मागा. शरीर बंद पडत आलं की भूक स्वतःच जाते आणि जबरदस्तीचं अन्न कधी कधी फुप्फुसात पाणी वाढवतं, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या आणि मग ठरवा.

आणि उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असं होऊ देऊ नका. दम लागू नये, दुखू नये, घाबरं होऊ नये यासाठी औषधं शेवटपर्यंत मिळायला पाह्यजेत, मॉर्फिनसकट. २०१४ मध्ये मादक पदार्थांचा कायदा बदलून दुखण्याच्या अशा औषधांची अट सैल केलेली आहे, त्यामुळे "ते मिळत नाही" हे उत्तर लगेच मान्य करू नका, पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे त्रास कमी करणारे उपचार देणारे, डॉक्टर कुठे आहेत ते विचारा. घरच्यांना आत बसू द्या, तोंडात गंगाजल किंवा तुळशीचं पान ठेवायचं असेल, कोणाला कुराण म्हणायचं असेल, बुद्धवंदना म्हणायची असेल तर ते आधीच नर्सला सांगून ठेवा. अपघाताची किंवा विषाची केस असेल, म्हणजे एमएलसी, तर शेवटी पोलीस पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम होणारच, त्याची कल्पना घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अगोदरच द्या.

आता ज्यांच्या घरात सगळे ठीक आहेत त्यांच्यासाठी

लिव्हिंग विल, कोर्टाच्या भाषेत अॅडव्हान्स मेडिकल डायरेक्टिव्ह. विनोबांनी १९८२ मध्ये इथे जवळच पवनारला अन्न आणि औषध दोन्ही सोडलं तेव्हा ते शुद्धीत होते, स्वतः नाही म्हणू शकत होते. आपल्यापैकी बहुतेकांना ती संधी मिळणार नाही, स्ट्रोक येईल किंवा वर्धा रोडवर गाडी घसरेल. म्हणून आज लिहायचं. घरात कोणाला विसरभोळेपणाचा आजार नुकताच कळला असेल तर या महिन्यातच लिहा, कारण लिहिताना माणूस स्वतः समजून लिहू शकणारा असला पाह्यजे, नंतर कोणी त्याच्या वतीनं लिहू शकत नाही.

वय १८ च्या वर, मन ठिकाणावर, कोणाचा दबाव नाही, एवढ्याच अटी. साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं, फक्त मोघम नको. "मला त्रास देऊ नका" या वाक्याचा डॉक्टरला काही उपयोग नाही आणि अर्थ स्पष्ट नसेल तर कागद बाजूला पडतो. साधारण असं लिहा:

"मी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय आणि परिणाम समजून हे लिहितो. ज्यातून बरं होण्याची आशा नाही असा आजार किंवा इजा मला झाली आहे असं दोन्ही मेडिकल बोर्डांचं मत झालं आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असेल तर काढावा. हृदय थांबल्यास छाती दाबून किंवा शॉक देऊन ते परत सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. डायलिसिस करू नये. नळीनं अन्न देण्याबद्दल माझी इच्छा अशी आहे की (इथे हो किंवा नाही स्पष्ट लिहा). वेदना आणि दम कमी करणारी औषधं शेवटपर्यंत द्यावीत. माझ्या वतीनं संमती द्यायचा अधिकार मी माझी मुलगी अमुक आणि माझा भाचा अमुक यांना देतो. हा कागद मी केव्हाही लेखी रद्द करू शकतो."

दोन नावं द्या, एक जण ऐन वेळी मिळाला नाही तर दुसरा असतो. नाव देताना सगळ्यात लाडका कोण ते पाहू नका, नातेवाईकांचा आरडाओरडा सुरू असतानाही तुमचा शब्द पाळेल असा माणूस निवडा, आणि त्याला आधी विचारा. खाली तुमची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, शक्यतो ज्यांना तुमच्या इस्टेटीतून काही मिळणार नाही असे, आणि मग नोटरी किंवा गॅझेटेड अधिकाऱ्यासमोर अटेस्ट करून घ्यायचं. नोटरी सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टाजवळ भेटतात. मॅजिस्ट्रेटची सही २०२३ पासून लागत नाही.

एक कॉपी ज्यांची नावं लिहिली त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला, आणि एक स्थानिक संस्थेच्या कस्टोडियन, म्हणजे हा कागद सांभाळून ठेवणाऱ्या, अधिकाऱ्याकडे, म्हणजे नागपुरात महानगरपालिका, बाहेर नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत. मुंबईचे डॉ. निखिल दातार यासाठी हायकोर्टात गेले, त्यानंतर २०२४ मध्ये राज्य सरकारनं असे अधिकारी नेमले. मनपाच्या आरोग्य विभागात विचारा, टेबलावरच्या माणसाला काही माहीत नसलं तर चिडू नका, निकालाची प्रिंट दाखवा, अर्ज आवकमध्ये द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. मूळ कागद मात्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका, रात्री दोन वाजता लॉकर कोण उघडणार बाप्पा. घरात सगळ्यांना माहीत असलेल्या फाईलमध्ये ठेवा आणि फोटो काढून ग्रुपवर टाका. मत बदललं तर नवीन लिहा, सगळ्यात शेवटचा कागद चालतो.

लोकं ज्यावर भरवसा ठेवतात पण जे इथे चालत नाही

मुखत्यारपत्र. "बाबांनी मला पॉवर ऑफ अॅटर्नी दिलीये" हे वाक्य मी फार ऐकतो. करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की ते संपतं, म्हणजे जेव्हा खरी गरज पडते तेव्हाच ते गेलेलं असतं. मृत्युपत्र पण नाही, ते माणूस गेल्यावर लागू होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही असाच एक आगाऊ कागद आहे, पण तो मानसिक आजाराच्या उपचारासाठी, व्हेंटिलेटरसाठी नाही. आणि फाईलवर डीएनआर लिहिलं म्हणजे सगळे उपचार बंद असं कोणी समजू नये. त्याचा अर्थ फक्त हृदय थांबलं तर ते परत सुरू करायचा प्रयत्न नको एवढाच, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं २०२० मध्ये त्यावर वेगळ्या सूचना काढलेल्या आहेत.

जन्मापासून बौद्धिक अपंगत्व, ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा-मुलगी १८ वर्षांचे झाले की आई-बाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणे कलेक्टरच्या समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हॉस्पिटलात संमतीचा प्रश्न यायच्या आधीच ते करून ठेवा. बोर्डांची पद्धत मात्र त्यांनाही तीच.

आणि कोमातल्या माणसाच्या खात्यातून पैसे काढायचे, एफडी मोडायची, फ्लॅटचे हप्ते भरायचे, तर वरच्या कशानंही ते होत नाही. कोमातल्या पेशंटसाठी पालक नेमायचा वेगळा कायदाच नाही, म्हणून लोक कलम २२६ खाली हायकोर्टात जातात आणि कोर्ट पत्नीला किंवा मुलाला पालक नेमतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस जिल्हा कोर्टातच आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे कमाई कितीही असली तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांपैकी बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हायकोर्टाच्या कामासाठी तिथेच विचारा, खंडपीठाची विधी सेवा समिती वेगळी आहे, ते पत्ता देतात. जाताना आधार, नात्याचा पुरावा, हॉस्पिटलचा ताजा रिपोर्ट आणि बँकेनं नकार दिलेलं पत्र सोबत न्या. बँक तोंडी नाही म्हणत असेल तर लेखी मागा, त्या पत्राशिवाय वकिलाला सुरुवातच करता येत नाही.